संक्रांतीचा काळा फ्रॉक

मुकुंदरावांचे पोस्टकार्ड आले तेव्हा कालिंदी तीळ निवडत बसली होती. कार्डावर चारच ओळी होत्या. नागपूरचे काम लांबले आहे, संक्रांतीच्या दिवशी दुपारच्या गाडीने हावड्याला उतरेन, चि. लीनास गोड पापा, काळजी नसावी. पहिल्या तीन गोष्टी कालिंदीने कशाबशा गिळल्या. ‘काळजी नसावी’ वाचले मात्र, तिने तिळाचे ताट अशा काही जोराने सरकवले की निवडलेले आणि न निवडलेले तीळ पुन्हा एक झाले.

काळजी नसावी म्हणे. काळजी करायला घरात दुसरे होतेच कोण? मुकुंदरावांची नोकरी गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात होती, पण त्या ऑफिसने त्यांना खुर्चीत बसलेले फारसे पाहिले नसावे. निम्मा महिना ते कुठल्या तरी स्टेशनावर कुठल्या तरी गोदामाची तपासणी करत, आणि उरलेला निम्मा महिना त्या तपासणीचा शीण घालवत. भवानीपुरातल्या दोन खोल्यांत रेशन, पाणी, लीनाचा खोकला आणि येणारे-जाणारे हे सगळे कालिंदीने बघायचे आणि मुकुंदरावांनी लांबून ‘काळजी नसावी’ असे कळवायचे, अशी या संसारात कामाची वाटणी झाली होती.

त्यातून या वेळी प्रश्न लीनाच्या बोरन्हाणाचा होता. लेकराला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचे, एवढाच तो सोहळा. पण मूल पाच वर्षांचे होईपर्यंतच तो करतात. लीनाच्या पहिल्या संक्रांतीला गोवर निघाला. दुसऱ्या संक्रांतीला बदली झाली आणि सगळे सामान वॅगनमध्ये होते. पुढच्या दोन्ही संक्रांतींना लीना घरी होती, बोरे बाजारात होती आणि मुकुंदराव लाइनवर होते. आता तिला पाचवे सरत आले होते, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

कालिंदीच्या आईने तिला काळा झगा हाताने शिवला होता. तसाच एक तिला लीनाला शिवायचा होता. मुलगी दिवसभर खालच्या अंगणात बंगाली पोरांत खेळायची, रागावली की बंगालीत रागवायची, आणि आईशी मराठी बोलायची ती पाहुणी आल्यासारखी अडखळत. निदान एक दिवस तरी ही आपल्या घरची दिसावी, एवढेच कालिंदीचे म्हणणे होते, आणि ते काही फार मोठे मागणे नव्हते. मुकुंदरावांना तिने ते सांगितलेही होते. “नागपूरला जातोच आहे, काळं कापड आणतो की. हलवाही आणतो की,” असे ते म्हणाले होते. त्या ‘आणतो की’वर विसंबून ती स्वस्थ बसली होती, आणि आता संक्रांत परवावर आली होती.

तिने लीनाला हाताशी धरले आणि ती कापडाच्या शोधात निघाली. कंट्रोलच्या दुकानात मिळेल ते घ्यायचे दिवस होते. तिथे पट्ट्यापट्ट्यांचे एकच कापड होते, आणि त्यातून सगळ्या गल्लीचे पायजमे झाले होते. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानदाराने मात्र गाठोडी सोडली. निळे दाखवले, हिरवे दाखवले, गुलाबीवर फार भर दिला. शेवटी कालिंदीने आपल्या हिंदीत स्पष्टच सांगितले, “काला चाहिए. छोटी लडकी के लिए. त्योहार है.”

दुकानदाराचा हात गाठोड्यावर थांबला. त्याने आधी कालिंदीकडे आणि मग फार दयेने लीनाकडे पाहिले. “काले कपडे का छाता होता है, मा,” तो समजुतीने म्हणाला. “जामा नहीं होता.”

एवढ्या लहान मुलीला सणाच्या दिवशी काळे घालणारी आई त्याने जन्मात पाहिली नव्हती, आणि ते त्याने शेजारच्या गिऱ्हाइकालाही बंगालीत सांगितले. कालिंदीच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळा महाराष्ट्र संक्रांतीला काळे नेसतो, आणि हा भला माणूस मला शिकवणार. पण हे सगळे हिंदीत सांगायचे तर क्रियापदे सापडेनात, म्हणून ती नुसतीच तावातावाने दुकानाबाहेर पडली.

त्याच तावात ती घराच्या दारात शिरली, तेव्हा घरमालक हरिसाधनबाबू घोषाल व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते आणि नेहमीप्रमाणे आपल्या छत्रीबद्दल बोलत होते. दुर्गापूजेच्या सुमारास त्यांची छत्री दारातल्या स्टँडवरून नाहीशी झाली होती, आणि तेव्हापासून त्यांना दुसरा विषय नव्हता. दाट विणीचे कापड, वेताची मूठ, ऐन पावसात थेंब आत यायचा नाही. ज्या दिवशी छत्री गेली त्याच दिवशी त्यांचे मेहुणे ननीगोपाल चार दिवस राहून हावड्याला परत गेले होते. हरिसाधनबाबूंनी दोन आणि दोन चार केले आणि मेहुण्याला घर बंद केले. कालिंदी त्यांना मेसोमशाय आणि त्यांच्या बायकोला मासीमा म्हणत असे, मावसोबा आणि मावशी या अर्थी; मासीमा तेव्हापासून नवऱ्याशी जेवणापुरतेच बोलत होत्या.

एरवी कालिंदी या गोष्टीत ‘हो ना, हो ना’ करून जिना चढायची. आज तिला कुणावर तरी राग काढायचाच होता.

“मेसोमशाय, चोर घरचा असो नाहीतर बाहेरचा,” ती म्हणाली, “छत्री गळ्यात बांधून त्याला कालीघाटच्या नाक्यावर उभा केला पाहिजे.”

हरिसाधनबाबूंना हे फार पटले. आत मासीमांनी पितळेचे भांडे दाणकन ठेवले. कालिंदीला बरे वाटले आणि ती वर गेली.

वर येऊन ती पलंगावर टेकली, आणि तिची नजर कपाटामागे गेली. तिथे मुकुंदरावांची छत्री उभी होती. काळी. दाट कापडाची. दुकानदाराचे शब्द तिच्या कानात होतेच. काळ्या कपड्याची छत्री होते. मग छत्रीचा काळा कपडा का होऊ नये? आणि ज्याने कापड आणले नाही त्याची छत्री कापावी, यात न्यायही होता. पुढच्या पावसाळ्यात भिजतील. भिजू देत. काळजी नसावी.

तिने ब्लेड घेतले आणि काड्यांवरचे टाके उसवले. छत्रीचे आठ तुकडे हातात आले, आणि प्रत्येक तुकडा वर निमुळता आणि खाली रुंद. कळीदार घेराला हवा तसा. खालची किनार दुमडून शिवलेली, म्हणजे फ्रॉकला खाली दुमड घालायचेही कष्ट नाहीत. छत्री ज्याने पहिल्यांदा केली त्याच्या मनात आधी फ्रॉकच असणार, असे कालिंदीला वाटू लागले. सहा तुकडे घेराला, दोन चोळीला. तिने लीनाला भिंतीशी उभी करून वितीने मापे घेतली, वर्तमानपत्राचा आकार कापला, आणि कात्री चालवली. लीना बाजूला बसून सगळे बघत होती.

“आई, हे छाता आहे,” ती म्हणाली.

“होता. आता फ्रॉक आहे,” कालिंदी म्हणाली.

सगळे कापून झाल्यावर तिच्या ध्यानात आले की कापड बाहेरून उन्हाने विटले आहे आणि आतून कसे काळेभोर आहे. तेव्हा आतली बाजू वर घ्यावी म्हणून तिने तुकडे उलटे केले. चोळीच्या पुढच्या तुकड्यावर, बरोबर छातीच्या जागी, पांढऱ्या तैलरंगात बंगाली अक्षरे रंगवलेली होती. कालिंदीला बंगाली वाचता येत नसे, पण ही अक्षरे ती रोज येता-जाता फाटकावरच्या पाटीवर पाहत होती. ह. घोषाल.

मग एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. पूजेनंतरची ती पावसाची पहाट, मुकुंदरावांची गाडीसाठी घाई, जिन्यावरून पळत गेलेली पावले. दारातली पहिली हाताला लागली ती छत्री उचलली असणार. परत आल्यावर ‘देतो की’ म्हणून कपाटामागे ठेवली असणार. तिकडे नवरा-बायकोत अबोला, मेहुण्याला चोराचा टिळा, आणि हा गृहस्थ नागपुरात बसून लिहितो काळजी नसावी.

पण संतापाने छत्री परत जुळत नव्हती. खाली जाऊन कबूल करावे तर ती तासापूर्वीच चोराला कालीघाटच्या नाक्यावर उभे करून आली होती. चोर घरचा असो की बाहेरचा, असेही तिनेच म्हटले होते. आता मुकुंदराव आल्यावर त्यांनीच काय ते सांगावे, असे तिने ठरवले. नेली त्यांनी, सांगावेही त्यांनी. तोवर फ्रॉक झाला पाहिजे.

अक्षरांचा तुकडा पाठीला लावावा, तर पाठीवर झाकायला काही नसते. पुढे मात्र हलव्याचा हार येतो, हाराखाली पदकासारखी पेटी येते. म्हणजे नाव छातीवरच बरे. तिने छत्रीचा सांगाडा माळ्यावर टाकला आणि तुकड्यांची घडी करून ती शिवायला बसायला निघाली. इथे दुसरी अडचण उभी राहिली. शिवणाचे मशीन साऱ्या घरात एकच होते, ते मासीमांचे, आणि ते त्यांच्या माहेरून आलेले असल्यामुळे जागचे हलवायचे नाही असा त्यांचा दंडक होता. त्याची जागा खालच्या व्हरांड्यात, हरिसाधनबाबूंच्या आरामखुर्चीपासून हातभर अंतरावर होती.

अशा रीतीने दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदी हरिसाधनबाबूंच्या देखत, हरिसाधनबाबूंच्या व्हरांड्यात, हरिसाधनबाबूंची छत्री शिवू लागली. चोळीचा तुकडा तिने मांडीखाली धरला होता. मासीमा तिच्याशी बोलत नव्हत्या; आदल्या दिवशीचे कालीघाट त्यांना फार लागले होते. त्या आत संक्रांतीच्या पिठ्यांसाठी, म्हणजे तांदळाच्या गोड पक्वान्नासाठी, नारळ खवत होत्या, आणि खवणीचा आवाज रागावलेला येत होता. दर पौषसंक्रांतीला ननीगोपाल बहिणीच्या हातची पिठे खायला येत असे, आणि यंदा येणार नव्हता.

हरिसाधनबाबूंनी वर्तमानपत्र खाली घेतले. “कापड छान आहे, बौमा,” ते सुनेला हाक मारावी तसे म्हणाले. “दाट वीण आहे. कुठून आणलं?”

“ह्यांनी आणलं होतं,” कालिंदी म्हणाली. ते अक्षरशः खरे होते.

“मुकुंदबाबूंना पारख आहे.” हरिसाधनबाबूंनी खुर्चीतून वाकून एक कळी बोटांत धरली आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या छत्रीचे कापड अगदी असेच होते. असे कापड आता मिळत नाही, असे त्यांना वाटे; ते मिळते हे पाहून त्यांना बरे वाटले. कालिंदीने मशीनचा दांडा इतक्या जोराने फिरवला की दोन कळ्या तिरक्या जोडल्या गेल्या आणि त्या उसवाव्या लागल्या. तेवढ्यात अंगणातून लीना आली आणि आजोबांच्या गुडघ्याला टेकून बंगालीत म्हणाली की तिचा जामा छत्रीचा आहे. कालिंदीने मांडीखालचा तुकडा आणखी आत सरकवला.

हरिसाधनबाबू खदखदून हसले. “खरंच छत्रीसारखा आहे,” ते म्हणाले, आणि पोरीच्या हुशारीचे कौतुक करून त्यांनी तिला बत्तासा दिला.

फ्रॉक झाला. तो अंगावर चढवला तेव्हा एक नवीनच गोष्ट दिसली. इतकी वर्षे काड्यांवर ताणून राहिलेले ते कापड खाली लोंबायचे नावच घेईना. घेर चारी बाजूंनी ताठ उभा राहिला, आणि लीनाने गिरकी मारली की तो फट्कन उघडायचा. लीनाला तो फारच आवडला. तिने दिवसभर तो उघडला आणि मिटला. कालिंदीला मात्र आता हलव्याकडे बघायचे होते, कारण तोही नागपूरहून यायचा होता. तिने शेगडीवर परात ठेवली, पाक केला, आणि तिळावर थेंब-थेंब पाक सोडून तो हाताने चाळवत राहिली. बोटे भाजली, डोळ्यांत धूर गेला, पण काटेरी पांढरा हलवा झाला. तिने त्याचा तीनपदरी हार ओवला, खाली चौकोनी पेटी केली, आणि ती पेटी ‘ह. घोषाल’वर दोऱ्याने घट्ट शिवून टाकली. अक्षरांचा मागमूस राहिला नाही. आपले आपण कौतुक करावे असे काम झाले होते, आणि कौतुक करायला नवरा जागेवर नव्हता.

संक्रांतीची दुपार झाली. हळदीकुंकवाला येणाऱ्या चार बायका आणि त्यांची पोरे जमली. मीनाक्षीबाईही आल्या. त्या भवानीपुरातच जन्मलेल्या आणि म्हणूनच महाराष्ट्रातल्या रीतिभाती महाराष्ट्रातल्यांपेक्षा कडक पाळणाऱ्या होत्या. त्यांनी फ्रॉक निरखून पाहिला, घेराला हात लावला, आणि इतका ताठ घेर पुण्यालाही साधत नाही असे सांगितले. कालिंदीला तीन दिवसांत पहिल्यांदा सुख वाटले. लीना पाटावर बसली होती, काळ्याभोर फ्रॉकात, गळ्यात पांढराशुभ्र हार, हातांत हलव्याच्या बांगड्या. कोणीही म्हटले असते की ही कालिंदीची मुलगी आहे.

फक्त मुकुंदरावांचा पत्ता नव्हता. गाडी उशिरा असणार, किंवा हावड्याच्या पुलावर बस अडकली असणार. कालिंदीने थोडे थांबू म्हटले. मग आणखी थोडे. पोरे बोरांच्या सुपाभोवती मांजरांसारखी घुटमळत होती. लीनाला मात्र तिने सांगून ठेवले होते की पाटावरून हलायचे नाही, आणि लीना हलली नाही. ती इतकी शहाण्यासारखी बसली होती, मान खाली घालून, अगदी गप्प, की कालिंदीला जरा शंका यायला हवी होती. पण ती खिडकीतून रस्ता बघत होती आणि मनातल्या मनात मुकुंदरावांना बरेच काही ऐकवत होती.

हरिसाधनबाबू आणि मासीमा आले. मासीमांच्या हातात पिठ्यांची थाळी होती आणि डोळे लाल होते. त्या कालिंदीशी बोलल्या नाहीत, पण लीनासाठी आल्या होत्या.

“अगं, बोरं सुकायला लागली,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “बापावाचून कुणाचं बोरन्हाण अडत नाही. घरातलं वडील माणूस आलंय, त्यांच्या हातून सुरू कर.”

घरातले वडील माणूस म्हणजे हरिसाधनबाबू. त्यांना पद्धत समजावून सांगितली गेली, आणि त्यांना ती फार आवडली. त्यांनी शाल सावरली, बोरांची ओंजळ भरली, आणि पोरीचे तोंड नीट दिसावे म्हणून चष्मा पुसून ते वाकले. वाकले ते तसेच राहिले. त्यांच्या ओंजळीतून एकेक बोर गळत होते.

कालिंदीने पाहिले. हाराचा एक पदर उरला होता. बांगड्यांचा नुसता दोरा होता. आणि पेटी, तिने बोटे भाजून केलेली, दोऱ्याने आवळून शिवलेली पेटी, लीनाने अर्धी खाऊन टाकली होती. उरलेली ती आताच जिभेने सोडवत होती. ‘ह.’ पूर्ण दिसत होता. ‘घोषाल’ बराचसा दिसत होता.

“हे तर माझं नाव आहे,” हरिसाधनबाबू म्हणाले.

लीनाने वर पाहिले आणि बंगालीतच आठवण करून दिली की तिने हे त्यांना कालच सांगितले होते.

आता काहीही सांगता आले असते. घरमालकांच्या मानाप्रीत्यर्थ नाव घातले म्हणून सांगता आले असते, आणि मीनाक्षीबाईंनी तीही एक रीत म्हणून मान्य केली असती. पण कालिंदीने मासीमांच्या लाल डोळ्यांकडे पाहिले, आणि तिच्याने ते होईना.

“मेसोमशाय, हे तुमच्या छत्रीचं कापड आहे,” ती म्हणाली. “छत्री आमच्याच घरात होती. पावसात ह्यांनी चुकून नेली आणि परत द्यायचं विसरले. मला ती ह्यांचीच वाटली. मी कापली.”

हरिसाधनबाबूंनी ओंजळ सुपात रिकामी केली. त्यांचा चेहरा लाल होत गेला. तीन महिन्यांचा साठा होता तो, आणि समोर चोर हजर होता. त्यांनी श्वास घेतला. “तीन महिने—” ते म्हणाले.

“थांबा,” मासीमा म्हणाल्या.

त्यांनी पिठ्यांची थाळी खाली ठेवली आणि पदर खोचला. “म्हणजे ननीने नेली नव्हती.”

हरिसाधनबाबूंचा श्वास आतच राहिला.

पुढचे सगळे बंगालीत झाले आणि फार वेगाने झाले. कालिंदीला निम्मेच कळले, पण ननीगोपालचे नाव प्रत्येक वाक्यात होते. मेहुण्याला चोर म्हणणारा नवरा, पूजेचे उष्टे हात धुवायच्या आत त्याला घराबाहेर काढणारा नवरा, बहिणीची पिठे भावाच्या तोंडी लागू न देणारा नवरा, यांचे तिथे एकापाठोपाठ वर्णन झाले. हरिसाधनबाबूंनी मध्ये एकदा छत्रीचा विषय काढायचा प्रयत्न केला. छत्री मेली, असे मासीमांनी त्यांना सांगितले. छत्री लेकराच्या अंगाला लागली, तिचे सोने झाले. त्यांनी आता, याच पावली, नदीपार हावड्याला जावे, ननीच्या दारात उभे राहावे, आणि त्याला हाताला धरून पिठे खायला आणावे.

“आत्ता? उन्हाचं?” हरिसाधनबाबू क्षीण आवाजात म्हणाले. “आणि छत्री पण नाही.”

हे त्यांनी म्हणायला नको होते. ते जिना उतरू लागले तेव्हा त्यांच्या अंगावर शालसुद्धा राहिली नव्हती. जिन्यातच त्यांची आणि वर येणाऱ्या मुकुंदरावांची टक्कर झाली. मुकुंदराव प्रसन्न होते. त्यांच्या एका हातात ट्रंक होती, दुसऱ्या हातात पुडके होते, आणि हरिसाधनबाबूंनी आपल्याकडे असे का पाहिले ते त्यांना कळले नव्हते.

ते दारात आले. सगळ्या बायकांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांची नजर लेकीवर गेली, आणि त्यांना मनापासून आनंद झाला हे कालिंदीलाही कबूल करावे लागले.

“अगं, फ्रॉक शिवून झालासुद्धा?” ते म्हणाले. “काय घेर साधलाय. कापड कुठून आणलंस?”

“मी कुठून आणणार?” कालिंदी म्हणाली. “तुम्हीच आणलं होतंत.”

मीनाक्षीबाईंनी तोंडाला पदर लावला. मासीमांनी मुकुंदरावांच्या हातावर एक पिठे ठेवले, आणि मग उठून कालिंदीच्या गालाला हात लावला. बोरन्हाण त्यानंतर झाले. बापानेच ओंजळ ओतली. बोरे आणि चुरमुरे त्या ताठ घेरावर पडून उड्या मारत सगळ्या खोलीभर गेले, पोरांनी एकच गलका केला, आणि लीनाही पाट सोडून आपलीच बोरे लुटायला धावली. छातीवर घोषाल, गळ्यात नुसता दोरा, तोंड साखरेने चिकट. कालिंदीने तिला तशीच उचलून घट्ट धरली. हार अर्धा खाल्लेला होता, पण फ्रॉक आईच्या हातचा होता, आणि बोरन्हाण झाले होते.

पाहुणे गेल्यावर पुडके उघडले. मुकुंदरावांनी नागपूरहून कापड खरोखरच आणले होते. काळे, आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची खडी, चंद्रकळेला असते तशी. कालिंदीने ते पाहिले, माळ्यावरचा सांगाडा काढला, आणि दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवले.

“उद्या छत्री करून आणा,” ती म्हणाली.

“आणतो की,” मुकुंदराव म्हणाले. तेव्हा ती स्वतःच त्यांच्याबरोबर गेली.

पावसाळ्यात हरिसाधनबाबू ती छत्री घेऊन बाहेर पडू लागले. मोठ्या रस्त्यावरचा कापडवाला ते दुकानासमोरून गेले की गाठोडी सोडायची थांबवून बघत राही. हरिसाधनबाबूंना ती फारशी आवडली नव्हती, पण मासीमांनी दुसरी घेऊ दिली नाही, आणि ननीगोपालला मात्र ती फार शोभिवंत वाटे. कुणी कितीही घाईत असो, बाहेर कितीही पाऊस असो, ती छत्री दारातल्या स्टँडवर नेहमी जागच्या जागी असे. ती पुन्हा कुणी चुकून नेली नाही.